पावसाळ्यात प्लाझ्माचं नोझल अर्ध्या दिवसात का जातं?

प्रश्न कुडाळहून आला आहे. विचारणारे ग्रील, गेट आणि शेडच्या ट्रसचं काम करतात. ६५ अँपिअरची एअर प्लाझ्मा आहे (दाबलेल्या हवेतून विजेचा आर्क काढून लोखंड कापणारं मशीन), आठ बाय चारचं छोटं सीएनसी टेबल, ३ एचपीचा बेल्टवाला पिस्टन कॉम्प्रेसर, २२० लिटरची टाकी आणि तिथून मशीनपर्यंत १२ मीटर ८ मिमीचा निळा पीयू (पॉलियुरेथेन) पाइप. उन्हाळ्यात टॉर्चच्या तोंडातली नोझल-इलेक्ट्रोडची एक जोडी दोन दिवस जायची. जून लागला तशी ती अर्धा दिवसही टिकेना. आर्क मध्येच गुलाबी होतो, तडतडतो, आणि सकाळी पहिली दहा मिनिटं तर पेटतच नाही. नोझलची कंपनी दोनदा बदलून झाली, करंट कमी करून झाला. हवा कोरडी करणारा ड्रायर घ्यावा का आणि कोणता, असं त्यांनी विचारलं आहे.

ड्रायर लागणार, हे आधीच सांगतो. पण तो आज उचलू नका. लाइनमधून गरम, तेलकट हवा आणि पाणी वाहत असेल तर ड्रायरही गुदमरतो, आणि मग खर्च करून जोड्या पूर्वीसारख्याच जात राहतात. आधी बिघाड कुठे आहे ते ओळखू. त्यासाठी लागणारी निम्मी माहिती तुमच्या भंगाराच्या डब्यात पडलेली आहे.

गेल्या आठवड्यातले वापरलेले इलेक्ट्रोड आणि नोझल काढा, कापडाने पुसा आणि जोडीजोडीने टेबलावर मांडा. इलेक्ट्रोडच्या टोकाला तांब्यात बसवलेला राखाडी ठिपका दिसेल, तो हाफ्नियम. तांबं १०८५ अंशाला वितळतं. हाफ्नियम २२०० अंशांच्या पुढे वितळतं आणि त्यावर धरणारा ऑक्साइडचा थर त्याहूनही जास्त तापमान सोसतो. म्हणून हवेच्या प्लाझ्मात हाफ्नियम लागतं. टंगस्टन त्याहून कणखर असलं तरी हवेतल्या ऑक्सिजनमध्ये भराभर जळून जातं. आर्क चालू असताना त्या ठिपक्याचा मधला भाग वितळलेलाच असतो आणि फिरती हवा त्याला जागेवर धरून ठेवते. आर्क पेटताना आणि विझताना त्यातला थोडा थोडा उडतो, म्हणून तिथे खड्डा पडत जातो. खड्डा मधोमध, गोल आणि बशीसारखा असेल तर इलेक्ट्रोड आपलं आयुष्य जगून गेला. बऱ्याच टॉर्चच्या पुस्तिकेत खड्डा १.६ मिमी झाला की इलेक्ट्रोड बदला असं दिलेलं असतं. व्हर्नियरची मागची पट्टी आत जात नसेल तर सुई उभी करून नखाने खूण धरा आणि ती मोजा.

तुमचे इलेक्ट्रोड मला वाटतं असे नसतील. खड्डा एका बाजूला सरकलेला, कडा फाटलेल्या, आणि नोझल आतून बघितलं तर भोकाभोवती टोचल्यासारखे खळगे. ही ओल्या हवेची खूण. काळा, बोटाला चिकटणारा काजळीचा थर असेल तर तेल येतंय. इलेक्ट्रोडचं तांबं निळसर-जांभळं झालं असेल तर हवा कमी पडते आहे, टॉर्चला थंडावा मिळत नाही. आणि नोझल आतून स्वच्छ पण बाहेरून खाल्लेलं, भोक लंबगोल, तोंडावर वितळलेल्या लोखंडाचे मणी असतील, तर हवेचा दोष नाही. ती टॉर्चच्या उंचीची आणि पिअर्सिंगची, म्हणजे प्लेटला पहिलं भोक पाडण्याची, भानगड आहे. आतलं नुकसान आणि बाहेरचं नुकसान, एवढा एक फरक हेल्परला शिकवलात तरी पुढचं निदान तो स्वतः करू लागेल.

स्वर्ल रिंगही उजेडाकडे धरून बघा. तिची बारीक तिरकी भोकं हवेला फिरकी देतात. त्यातलं एक जरी बुजलं किंवा रिंगला तडा गेला, तरी आर्क मधोमध राहत नाही आणि खड्डा बाजूला सरकतो. म्हणजे ओल्या हवेची एक खूण इथूनही येऊ शकते. रिंग बदलून खात्री करा.

आता पाणी येतं कुठून ते हिशेबाने बघू, कारण हा हिशेब एकदा डोक्यात बसला की कुठे काय बसवायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. तुमच्या ताकदीच्या मशीनला मिनिटाला साधारण १९० ते २०० लिटर हवा लागते. म्हणजे सलग तासभर कापलं तर १२ घनमीटर. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर दर घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. तासाला झालं २९० ग्रॅम, म्हणजे मोठा पेला भरून पाणी तुमचा कॉम्प्रेसर हवेबरोबर ओढतो आहे.

हवा ७ बारला दाबली की तिचं आकारमान आठव्या हिश्शावर येतं, पण पाणी तेवढंच राहतं. हवा थंड होऊन ४० अंशांवर आली तर त्या २९० पैकी ८० ग्रॅमच वाफेच्या रूपात उरतं. बाकीचं टाकीत गळून पडतं आणि ड्रेन कॉकने काढता येतं. पण टाकीतली हवा ६० अंशांची असेल तर २०० ग्रॅमच्या वर पाणी वाफ म्हणून पुढे निघतं. वाफेला फिल्टर अडवू शकत नाही. वॉटर सेपरेटर थेंब पकडतो, वाफ नाही. ती फिल्टरच्या वाटीतून मजेत पार होते, पुढे तुमच्या १२ मीटर पाइपात थंड होते आणि तिथे तिचं पाणी होतं. हे पाणी थेट टॉर्चमध्ये. ‘फिल्टर तर बसवलाय, वाटीत पाणी पण येत नाही’ असं लोक मला सांगतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, फिल्टर बसवलाय कुठे? बहुतेक वेळा तो कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, सगळ्यात गरम जागी असतो.

आणि थेंब टॉर्चमध्ये गेल्यावर काय होतं? पाण्याची वाफ झाली की साध्या दाबाला तिचं आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं. नोझलच्या आतल्या चिमूटभर जागेत तो एक स्फोटच. फिरती हवा विस्कटते, आर्क मधली वाट सोडून नोझलच्या भिंतीला टेकतो आणि तांबं खातो. तुम्ही ऐकता ती तडतड हीच. पाणी फुटून निघालेल्या हायड्रोजनमुळे आर्कला गुलाबी-जांभळी झाक येते. त्यामुळे गुलाबी आर्क दिसला की हात थांबवायचा. ‘एवढा जॉब संपवून मग बघू’ म्हटलं की जोडी गेलीच.

सकाळी आर्क पेटत नाही ही तुमची तक्रार मला सगळ्यात उपयोगी वाटली. तुमच्या टॉर्चमध्ये इलेक्ट्रोड आणि नोझल आधी एकमेकांना टेकलेले असतील आणि हवेच्या दाबाने विलग होताना ठिणगी पडत असेल, तर रात्रभर पाइपात साचलेलं पाणी पहिल्या झटक्याला तिथेच येतं. आता दिवसभर नोंद ठेवा. बिघाड फक्त सकाळी होतो, की दोन तास सलग काम झाल्यावर दुपारी पुन्हा उचल खातो? सकाळचा त्रास पाइपात साचलेल्या पाण्याचा. दुपारचा त्रास तापलेल्या टाकीचा. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

माझ्याकडे शिरोलीच्या गाळ्यात हेच झालं होतं. १० मिमी प्लेटचे ब्रॅकेट होते, प्रत्येकाला चार भोकं, ऑर्डर मोठी आणि जुलै महिना. जोड्या जात राहिल्या, मी माल देणाऱ्यावर चिडत राहिलो, दोन पाकिटं परतही केली. शेवटी एका मुलाने मशीनच्या मागचा पाइप सोडला आणि तळहात खाली धरला. पिवळट, दुधासारखं गढूळ पाणी ओंजळीत आलं, आणि त्याला कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास. माल देणाऱ्याची माफी मागावी लागली. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या होत्या. दर आठवड्याला तेल थोडं थोडं कमी होत होतं आणि आम्ही ते वरून भरत होतो, पण कमी झालेलं तेल जातंय कुठे हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता. तुमच्या कॉम्प्रेसरच्या काचेवर आज स्केचपेनने खूण करा आणि आठ दिवसांनी बघा.

आता कागदाची परीक्षा. मशीनवर नुसती हवा सोडण्याची सोय असते, गॅस टेस्ट किंवा पर्ज म्हणून. आर्क न पेटवता ती चालू करा, डोळ्यांवर गॉगल ठेवा आणि टॉर्चच्या तोंडापासून वीतभर अंतरावर कोरा पांढरा कागद चिमट्यात धरा. पंधरा सेकंद. कागद कोरडा आणि पांढरा राहायला हवा. ओले ठिपके आले तर पाणी. ठिपके वाळल्यावर कागद उजेडाकडे धरा. पारदर्शक डाग उरला तर तेल. त्यानंतर कागदाच्या जागी थंड आरसा धरा. कागदावर न दिसणारं बारीक धुकं आरशावर दिसतं. सकाळी एकदा आणि सलग कामानंतर दुपारी एकदा, अशी दोनदा करा. मशीनच्या आतल्या फिल्टरचं पांढरं एलिमेंटही काढून बघा. पिवळं-तपकिरी झालं असेल तर तेलाचा पुरावा हातातच आहे.

हवा सुटलेली असतानाच मशीनच्या मागे बसून गेज वाचा. टाकीवरच्या गेजला काही अर्थ नाही. हवा वाहत नसताना सगळेच गेज ७ बार दाखवतात. हवा वाहत असताना मशीनच्या तोंडाशी किती राहतो ते महत्त्वाचं. पुस्तिकेत ५.५ किंवा ५.९ बार मागितला असेल आणि काटा ४ वर येत असेल तर टॉर्च उपाशी आहे. माझा संशय तुमच्या निळ्या पाइपवर आहे. ८ मिमी हा त्या पीयू पाइपचा बाहेरचा व्यास. आतून तो ५ किंवा ५.५ मिमीच असतो. १२ मीटर तेवढ्या भोकातून २०० लिटर ढकलायचे आणि दोन्ही टोकांना क्विक कपलर, त्यांची भोकं आणखी बारीक. तिथे निदान १० मिमी आतला व्यास असलेला रबरी होज टाका. एवढ्याने कधी कधी निम्मी तक्रार संपते, म्हणून हे काम मी ड्रायरच्या आधी सांगतो. दाब वाढवून मात्र ही कसर भरून काढू नका. गरजेपेक्षा जास्त दाबाने आर्क पेटायला त्रास होतो आणि हाफ्नियम लवकर उडतं.

कॉम्प्रेसर पुरतो का, हेही घरच्या घरी मोजता येतं. नावाच्या पट्टीवर लिहिलेले सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) बहुधा पिस्टनने व्यापलेल्या जागेचे असतात. प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या साठ-सत्तर टक्के धरा. टाकीचा बाहेरचा कॉक बंद करा, कॉम्प्रेसर तापलेला असताना दाब ४ वरून ७ बारवर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. २२० लिटरची टाकी, ३ बारची वाढ, म्हणजे ६६० लिटर हवा भरली गेली. तीन मिनिटं लागली तर मिनिटाला २२० लिटर, म्हणजे तुम्हाला जेमतेम पुरेल. चार मिनिटं लागली तर १६५, म्हणजे पुरत नाही. जेमतेम पुरणारा कॉम्प्रेसर कधी थांबत नाही, आणि न थांबणारा पिस्टन कॉम्प्रेसर टाकीत गरम हवाच भरत राहतो. मागच्या हिशेबातले ६० अंश येतात ते इथून. दुपारी टाकीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर त्या हवेवर बसवलेला कुठलाही फिल्टर काम करणार नाही.

म्हणून सगळ्यात आधी हवा थंड करायची. कॉम्प्रेसर पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यात कोंडलेला असेल तर सावलीत, वारा लागेल असा बाहेर घ्या; ग्राइंडिंग आणि पेंटच्या जागेपासून लांब. पंपाच्या डोक्यातून टाकीत जाणारी नळी लांब करून तिला पंख्याचा वारा द्या, किंवा हवा थंड करणारा तयार आफ्टरकूलर मिळतो तो लावा. टाकीचा ड्रेन रोज दोनदा. फक्त संध्याकाळी काढून चालत नाही, पावसाळ्यात दुपारच्या जेवणाआधीही काढा. टाकीपासून पुढे पाइप भिंतीवरून उतार देऊन न्या, मशीनसाठी फाटा पाइपच्या वरच्या अंगाने हंसाच्या मानेसारखा वळवून खाली उतरवा, आणि मुख्य पाइपच्या शेवटी तळाशी ड्रेन कॉक ठेवा. साचलेलं पाणी तिथे जाऊन बसतं, फाट्यात शिरत नाही. सेपरेटर या सगळ्या प्रवासानंतर, मशीनच्या जवळ बसवा.

एक गोष्ट जाता जाता तपासा. तुमच्या भिंतीवर एफआरएलचा (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) तिहेरी संच आहे का? त्यातली तिसरी वाटी, ल्युब्रिकेटरची, हवेत मुद्दाम तेल सोडते. एअर ग्राइंडरला ती हवीच असते, प्लाझ्माला विष. एकाच लाइनवर दोन्ही चालवत असाल तर ती वाटी ग्राइंडरच्या फाट्यावर हलवा. आणि त्या लाइनचा जुना होज धुवून वापरायचा विचारही करू नका, आतलं रबर तेल पिऊन बसलेलं असतं.

आता ड्रायर. हवेच्या शुद्धतेचं आयएसओ ८५७३-१ हे मानक आहे, त्यात कण, पाणी आणि तेल असे तीन आकडे लागोपाठ लिहितात. मोठ्या प्लाझ्मा कंपन्या १.२.२ मागतात. मधला २ म्हणजे दाबाखालचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) उणे ४० अंश, शेवटचा २ म्हणजे घनमीटरला जास्तीत जास्त ०.१ मिलिग्रॅम तेल. फ्रीजसारखा रेफ्रिजरेटेड ड्रायर दवबिंदू ३ अंशांपर्यंत आणतो, म्हणजे पाण्याच्या बाबतीत चौथा वर्ग. उणे ४० साठी ओलावा शोषणारे दाणे भरलेला डेसिकंट ड्रायर लागतो आणि तो बराच महाग पडतो. माझं मत असं, की ६५ अँपिअरच्या, तुमच्यासारख्या कामाला चांगला रेफ्रिजरेटेड ड्रायर पुरतो. तो तुमच्या प्रत्यक्ष हवेच्या दीडपट क्षमतेचा घ्या, कारण त्याचा आकडा ठरावीक आत येणाऱ्या तापमानाला धरून दिलेला असतो आणि कोकणातल्या गरम शेडमध्ये तो घसरतो. त्याच्या आधी साधा वॉटर सेपरेटर, नंतर ०.०१ मायक्रॉनचा, बारीक थेंब एकत्र करून पकडणारा कोअलेसिंग फिल्टर तेलासाठी. ऑटो ड्रेन आठवड्याला उघडून गंज-गाळ साफ करा. तो तुंबला तर ड्रायरने गोळा केलेलं पाणी पुन्हा हवेबरोबर पुढे जातं आणि ड्रायर चालू असूनही आर्क गुलाबी होतो.

बाजारात सिलिका जेलचे स्वस्त सिलिंडर मिळतात. पुष्कळ जण नुसता तोच लावतात आणि चार दिवसांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून काढून ठेवतात. त्याचंही गणित मांडू. १ किलो जेल व्यवहारात २०० ग्रॅम पाणी धरेल असं समजा. ४० अंशांची हवा तासाला ८० ग्रॅम आणते. म्हणजे अडीच तास कापलं की जेल संपलं. हेच सिलिंडर रेफ्रिजरेटेड ड्रायरनंतर लावा. तिथे तासाला ८ ग्रॅमच येतात, तर तेच जेल पंचवीस तास पुरेल. तेल मात्र आधीच अडलेलं हवं. तेलकट झालेलं जेल तापवूनही परत येत नाही. साधं ओलं जेल ११०-१२० अंशांना तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्याऐवजी केशरी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते अंगाला चांगलं नाही.

हवेचं झालं. आता तुमच्या सीएनसीवरच्या दोन-तीन सवयी, ज्या पावसाळ्याशी संबंधित नाहीत पण जोडी खातात. पिअर्स करताना टॉर्च कापण्याच्या उंचीवर ठेवू नका. तिच्या दीड ते अडीच पट उंचीवर भोक पाडा, मग खाली या. नेमका आकडा मशीनच्या कट चार्टमध्ये आहे. जाड प्लेटला शक्य तिथे कडेवरून सुरुवात करा. आणि प्रोग्रॅम असा बनवा की आर्क प्लेटवर असतानाच थांबेल. टॉर्च कडेबाहेर निघून आर्क ताणून तुटला, की मशीनला करंट हळू उतरवायला वेळ मिळत नाही आणि वितळलेलं हाफ्नियम गोळ्यासारखं बाहेर पडतं. छोटी छोटी भोकं जास्त असलेल्या जॉबला जोडी लवकर जाणारच, कारण झीज तासांवर कमी आणि पेटण्या-विझण्यावर जास्त ठरते. त्यामुळे ‘दोन दिवस’ हे माप सोडा, पिअर्स मोजा.

कुणाला दाखवण्यासाठी हवेत पायलट आर्क (प्लेटपर्यंत पोचण्याआधी इलेक्ट्रोड आणि नोझलमध्ये पेटणारा) पेटवणं बंद करा, तो नोझललाच जाळत असतो. कापून झाल्यावर हवा काही सेकंद सुटत राहते ती टॉर्च थंड करण्यासाठी; त्या वेळी मेन स्विच पाडू नका. अर्थिंगचा क्लॅम्प टेबलाच्या गंजलेल्या पट्टीवर नको, प्लेटवर घासून स्वच्छ केलेल्या जागी लावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात फिरवा, थापू नका. नोझल आणि इलेक्ट्रोड मी एकत्रच बदलतो. झिजलेल्या इलेक्ट्रोडवर नवं नोझल चढवलं की नवं नोझल जुन्याच्या वाटेने जातं.

उद्या सकाळी मशीन चालू करण्याआधी पाइप मशीनकडून सोडा, त्याचं तोंड बादलीत घट्ट धरा आणि हळूहळू हवा सोडून पाणी काढा. मग कागद धरा. दुपारी टाकीला हात लावा, गेज वाचा, पुन्हा कागद धरा. होज बदला, ल्युब्रिकेटर काढा, आणि तरीही दुपारचा कागद ओला येत असेल तर ड्रायर घ्या. कागद दोन्ही वेळा कोरडा आला, वाहत्या हवेचा दाब टिकला आणि तरीही जोडी अर्ध्या दिवसात गेली, तर हवेचा पिच्छा सोडा. मग मला पिअर्सची उंची, प्लेटची जाडी आणि एका जोडीत झालेले पिअर्स कळवा, आणि इलेक्ट्रोडचा समोरून व नोझलचा आतून असे दोन फोटो पाठवा.